जुनी बंदूक, नवा शिपाई

मालवणचा किनारा १८१२ साली करवीरकरांकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि त्याच वर्षी वाडीकर सावंतांनी वेंगुर्लेही त्यांना दिले. राज्य गेले, तरी या मुलखातील लोकांचा शस्त्राशी असलेला संबंध तुटला नाही. भातशेतीच्या तुकड्यावर घर चालत नसे. म्हणून कोकणातील मराठे व महार तरुण मुंबई सरकारच्या पलटणींत नाव घालीत. त्या लष्करातील पायदळाचा मोठा भरणा कोकणचाच होता. परंतु १८५७ नंतरच्या काळात असा रंगरूट चांदमारीच्या मैदानावर पहिला बार काढी, तेव्हा त्याच्या हातातील बंदूक बहुधा गोऱ्या शिपायाच्या खांद्यावरून उतरलेली असे. यात काटकसर होती, तसेच राजकारणही होते.

सत्तावनपूर्वी गोऱ्या व हिंदी पायदळाच्या शस्त्रांत फारसा भेद नव्हता. दोहोंकडे गुळगुळीत नळीची ठासणीची बंदूक असे आणि शंभर यार्डांपलीकडे तिचा नेम भरवशाचा नसे. एन्फिल्ड रायफलीच्या नळीत मळसूत्री खाचा होत्या. त्यांच्या योगे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाई आणि तिचा पल्ला कितीतरी वाढे. याच रायफलीच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून उठावाची ठिणगी पडली. उठाव मोडल्यावर सरकारने एक चमत्कारिक तोड काढली. १८५८ च्या नमुन्याची जी एन्फिल्ड बहुतेक हिंदी पायदळास मिळाली, ती दिसण्यात रायफलीसारखी, परंतु तिच्या नळीत खाचा नव्हत्या. शिपाई हवा होता. त्याचा नेम मात्र गोऱ्या शिपायाइतका दूरवर जावयास नको होता.

पुढे हाच शिरस्ता पडला. १८६६ च्या सुमारास जुन्या एन्फिल्डच्या नळीचा मागील भाग कापून तेथे बिजागरीचा ठोकळा बसविण्यात आला. ही स्नायडर रायफल. ठासणीच्या बंदुकीने मिनिटाला दोन-तीन बार निघत, तर हिने दहापर्यंत निघू लागले. गोऱ्या पलटणींस मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा स्नायडर हिंदी पलटणींकडे आली. पुढे गोऱ्यांना ली-मेटफर्ड मिळाल्यावर मार्टिनीही तशीच खाली उतरली. तिची गोळी सुमारे ३१ ग्रॅम वजनाची, दारू काळी आणि धक्का जबर. दस्ता खांद्याशी घट्ट न धरणाऱ्या नवख्याचा खांदा काळानिळा पडे आणि गोळी कोठे लागली हे धुराच्या लोटात दिसतही नसे.

या भेदाची प्रचीती चांदमारीवर येवो न येवो, रणांगणावर येई. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंद येथे एकाच ब्रिगेडमध्ये ६६ व्या गोऱ्या पलटणीजवळ मार्टिनी-हेन्री होत्या. मुंबई लष्कराच्या ग्रेनेडियर व जेकब रायफल्स या पलटणींजवळ स्नायडर होत्या. जेकब रायफल्समध्ये तर निशाणबाजीचे शिक्षण पुरे न झालेले रंगरूटही उभे होते. आयूब खानाच्या तोफा व त्याचे संख्याबळ ही पराभवाची मुख्य कारणे, हे खरे. तथापि मरण सर्वांना सारखे असता हत्यार मात्र सारखे नव्हते.

घरी परतल्यावर तर हत्यारच नसे. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्यावाचून बंदूक बाळगणे गुन्हा ठरला. वर्षानुवर्षे रायफल वागविलेल्या साध्या शिपायालाही भात तुडविणारे रानडुक्कर मारावयाचे, तर आधी परवान्याचा अर्ज करावा लागे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात महारांची भरतीच बंद झाली. फौजेतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली त्याविरुद्ध सरकारकडे अर्ज सिद्ध केला. ज्यांच्या वाडवडिलांनी पलटणीत हयात घालविली, त्यांना आता जुनी बंदूकही दुर्मिळ झाली.

पहिल्या महायुद्धापर्यंत हिंदी पायदळाजवळ ली-एन्फिल्ड आली होती. तरीही १९१४ साली फ्रान्सला गेलेल्या हिंदी फौजेस मार्सेय बंदरात आपल्या रायफली परत करून नव्या नमुन्याच्या घ्याव्या लागल्या आणि त्यांचा पुरता सराव होण्यापूर्वीच खंदकांत उतरावे लागले. मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौजेने शस्त्रे खाली ठेवली.

१८५८ ची तोड मात्र विस्मृतीत गेली नाही. इछापूरच्या कारखान्यात पुढे ली-एन्फिल्ड रायफलीच एका वेळी एक काडतूस घेणाऱ्या, गुळगुळीत नळीच्या .४१० बोअरच्या बंदुका करून पोलीस व तुरुंगावरील पहारेकऱ्यांसाठी देण्यात आल्या.

महारांची बंद झालेली वाट पहिल्या महायुद्धात काही काळ उघडली व पुन्हा मिटली. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. मराठा पलटणींचे शिक्षणकेंद्रही तेथेच होते. आंबोलीचा घाट चढून बेळगावच्या चांदमारीवर पहिला बार काढावयास जाण्याची वाट सावंतवाडी-मालवणच्या महार तरुणांनाही आता मोकळी झाली.