गुणिजनांचा वादक : अ‍ॅलन होल्ड्सवर्थ

सन २०१७ च्या एप्रिल महिन्याच्या ७ तारखेस अमेरिकेंत एका गिटारवादकाच्या बारा ध्वनिमुद्रिकांचा संच प्रसिद्ध झाला. त्या संचाला प्रकाशकांनीं जें नांव दिलें होतें त्याचा अर्थ 'ज्यानें गिटार कायमची बदलून टाकली तो मनुष्य' असा होतो. त्यानंतर आठच दिवसांनीं, म्हणजे १५ एप्रिल रोजीं, हा मनुष्य कॅलिफोर्नियांतील व्हिस्टा या गांवीं वयाच्या ७० व्या वर्षीं वारला; आणि त्याच्या अंत्यसंस्काराचा खर्च भागविण्यासाठीं त्याच्या आप्तांना लोकांपुढें हात पसरावा लागला. मदतीची हांक गेली मात्र, आणि थोड्याच दिवसांत जगाच्या निरनिराळ्या भागांतून एक लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमा झाली.

ह्या गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवल्या म्हणजे इतिहासाच्या अभ्यासकाला एक कोडें पडतें. ज्यानें एक सबंध वाद्य बदलून टाकलें म्हणतात, तो मरतांना इतका निष्कांचन कां? आणि ज्याचें नांव सामान्य श्रोत्यास ठाऊकही नाहीं, त्याच्यासाठीं इतक्या अनोळखी माणसांनीं आपण होऊन पैसे कां पाठवावे? अ‍ॅलन होल्ड्सवर्थ हें त्या वादकाचें नांव. ह्या दोन प्रश्नांचा थोडासा उलगडा करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांना रॉक संगीत म्हणजे निव्वळ गोंगाट वाटतो, हें आम्हांस ठाऊक आहे. आम्हीही एके काळीं त्यांतलेच होतों. सुमारें पस्तीस वर्षांमागें आम्ही पुण्यास महाविद्यालयांत शिकत असतां वसतिगृहांतील एका स्नेह्यानें होल्ड्सवर्थची १९८५ सालची 'मेटल फटीग' ही ध्वनिमुद्रिका कॅसेटवर उतरवून आणली. नांवाचा अर्थ 'धातूचा थकवा' असा. तें ऐकूनच आम्ही कानांवर हात ठेवण्याच्या तयारींत होतों. परंतु मध्येंच एक स्वर असा कांहीं सरकत, श्वास घेत, वळणें घेत वर चढला कीं, 'हें फुंकून वाजविण्याचें वाद्य कोणतें?' असें आम्हीं विचारलें. स्नेही हंसून म्हणाला, "अहो, हीच ती गिटार!" आमच्या अज्ञानांतून निघालेल्या त्या प्रश्नांत ह्या वादकाचें सारें चरित्र सांठविलेलें होतें, हें आम्हांस पुष्कळ वर्षांनीं कळलें.

होल्ड्सवर्थचा जन्म ६ ऑगस्ट १९४६ रोजीं इंग्लंडच्या यॉर्कशर प्रांतांतील ब्रॅडफर्ड या लोंकरीच्या गिरण्यांच्या गांवीं झाला. ज्या आजोबांनीं त्याला वाढविलें ते सॅम होल्ड्सवर्थ स्वतः पियानो वाजवीत; संगीताचे पाठ त्याला त्यांच्याकडूनच मिळाले. दब्यूसी आणि राव्हेल ह्या फ्रेंच रचनाकारांचें संगीत तो लहानपणापासून ऐकत आला, आणि पुढें जॉन कोल्ट्रेन ह्या अमेरिकन जॅझवादकाच्या सॅक्सोफोननें त्याला वेड लावलें. त्याला हवा होता तो सॅक्सोफोन. पण तो पडला महाग. वयाच्या सतराव्या वर्षीं हातीं आली ती गिटार. नको असलेलें वाद्य पदरीं पडलें, आणि त्या वाद्याकडून हव्या असलेल्या वाद्याचा स्वर काढून घेण्यांत त्याचें आयुष्य गेलें.

हें त्यानें साधलें कसें? गिटार हें तारेवर आघात करून वाजविण्याचें वाद्य. उजव्या हातांतील नखीचा आघात झाला कीं स्वर उमटतो आणि लगेच विरूं लागतो. म्हणून वेगानें वाजविणारा वादक जितके स्वर तितके आघात करतो, व ऐकणाऱ्याला स्वरांबरोबर ते ठोकेही ऐकूं येतात. होल्ड्सवर्थनें हे ठोके जवळजवळ नाहींसे केले. विजेच्या ध्वनिवर्धकामुळें हलक्या स्पर्शानेंही स्वर दीर्घकाळ टिकतो, ह्या गोष्टीचा त्यानें पुरा फायदा घेतला. उजव्या हातानें एखादाच आघात करावयाचा आणि पुढचे अनेक स्वर डाव्या हाताचीं बोटें तारेवर टेकवूनच काढावयाचे, अशी त्याची रीति. सतार गायकी अंगानें वाजवावी, तारेला गळ्याचा गुण आणावा, ही खटपट आपल्याकडील थोर वादकांनीं केली आहे. त्या खटपटीचा मार्ग मींडेचा. होल्ड्सवर्थचा मार्ग निराळा, परंतु ध्येयाचें नातें ओळखूं येण्यासारखें आहे.

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. पाश्चात्य विद्यार्थी स्वरसप्तकें गुरूकडून किंवा पुस्तकांतून शिकतो. होल्ड्सवर्थनें तीं गणितानें शोधून काढलीं. अष्टकांतील बारा स्वरांतून पांच, सहा, सात, आठ अशा संख्येनें स्वर निवडून किती क्रम होऊं शकतात याची त्यानें कागदावर मांडणी केली. ज्यांत अर्धस्वरांची एकापुढें एक फार गर्दी होते ते क्रम टाकून दिले. आणि उरलेल्यांस स्वतःच्या खुणा देऊन ते आत्मसात् केले. आमच्या वाचकांना येथें वेंकटमखीचें स्मरण झाल्यावांचून राहणार नाहीं. सतराव्या शतकांत 'चतुर्दंडिप्रकाशिका' लिहून त्यानें बहात्तर मेळांची जी मांडणी केली, ती अशाच हिशेबाच्या पोटीं जन्मली. आणि त्याच बहात्तरांतून पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनीं हिंदुस्थानी पद्धतीसाठीं दहा थाट निवडले. ब्रॅडफर्डच्या ह्या वादकास वेंकटमखी ठाऊक होता असें आमचें म्हणणें नाहीं. पुरा हिशेब मांडून मग कानाला निवाडा करूं द्यावा, ही बुद्धि दोन देशांत, तीन शतकांच्या अंतरानें, स्वतंत्रपणें उपजली, एवढेंच आम्हांस दाखवावयाचें आहे.

ह्या स्वरक्रमांतूनच त्याचे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरसंघ, निर्माण झाले. एका सप्तकांतील सर्व स्वर हें त्याच्या दृष्टीनें एक कुटुंब. त्यांतील कोणतेही तीन-चार एकत्र आले तरी ते त्याच घरचे. त्यामुळें प्रचलित गिटारवादनांत कोणी ऐकले नव्हते असे स्वरसंघ तो बोटें विलक्षण ताणून धरी, आणि पायाखालच्या पट्टीनें आवाज शून्यापासून हळूहळू वाढवीत नेई, म्हणजे आघात मुळींच ऐकूं न येतां वाद्यवृंदाचा समूहस्वर उमलल्याचा भास होई. लोक त्याच्या वेगावर भाळले. खरा रचनाकार ह्या संथ स्वरसंघांत आहे.

असा मनुष्य उपेक्षित राहिला तो संधि न मिळाल्यामुळें नव्हे. सॉफ्ट मशीन ह्या मंडळींबरोबर त्यानें १९७५ ची 'बंडल्स' ही ध्वनिमुद्रिका केली; त्याच वर्षीं विख्यात जॅझ ढोलवादक टोनी विल्यम्स यांनीं त्याला आपल्या संचांत घेतलें; १९७८ सालीं तो यू. के. ह्या संचांत होता. परंतु तेथें त्याच्या सोबत्यांची अपेक्षा अशी कीं, ध्वनिमुद्रिकेंत जें वाजविलें तेंच प्रत्येक रात्रीं वाजवावें. होल्ड्सवर्थला हें मानवेना. कालचीच तान आज घ्यावयाची तर आज बसावयाचेंच कशाला, असा त्याचा स्वभाव. आपल्या गवयांना तो लगेच समजेल. वर्षाच्या आंतच त्याचा व त्या संचाचा संबंध तुटला.

व्यापाराशीं त्याचें कधींच जमलें नाहीं. १९७६ सालीं निघालेली 'व्हेल्व्हेट डार्कनेस' ही त्याची ध्वनिमुद्रिका म्हणजे, त्याच्या सांगण्याप्रमाणें, निव्वळ तालीम होती. ती परस्पर विकली गेली, आणि तिचा राग त्याला जन्मभर होता. १९८२ सालीं त्यानें स्वतःच्या हिमतीवर एक ध्वनिमुद्रिका काढली. तिचें नांव 'आय. ओ. यू.', अर्थात् 'मी तुमचें देणें लागतों'. तेवढ्यांत एडी व्हॅन हेलन ह्या लोकप्रियतेच्या शिखरावर असलेल्या वादकानें पुढाकार घेऊन एका मोठ्या कंपनीचें दार त्याच्यासाठीं उघडलें. तेथेंही गायक कोण असावे, काम कोणाच्या मतानें चालावें, यावरून वाद झाले आणि १९८३ सालीं 'रोड गेम्स' ही अर्धीमुर्धी ध्वनिमुद्रिकाच काय ती बाहेर पडली. तिला पुढच्या वर्षीं ग्रॅमी पारितोषिकासाठीं नामनिर्देश मिळाला, परंतु तोंवर कंपनीशीं बिनसलें होतें. दोष सगळा कंपन्यांचाच, असें म्हणून मोकळें होणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. हा मनुष्य हट्टी होता, आणि स्वतःच्या कोणत्याही कामाविषयीं त्याला समाधान नसे. रॉकवाल्यांना तो जॅझचा वाटे व जॅझवाल्यांना रॉकचा. अशा माणसाचा माल दुकानांत कोणत्या फळीवर ठेवावा हें दुकानदारालाही कळेना.

१९८० नंतरच्या दशकांत सिंथॅक्स नांवाचें एक इंग्लंडांत बनलेलें इलेक्ट्रॉनिक वाद्य निघालें. त्याच्या तारांना स्वतःचा आवाज नसे. त्या केवळ यंत्राला आज्ञा देत. ह्या वाद्याला होल्ड्सवर्थनें एक श्वासनलिका जोडली आणि तोंडानें फुंकून स्वर कमीजास्त करण्यास आरंभ केला. सतराव्या वर्षीं जो फुंकावयास मिळाला नाहीं तो सॅक्सोफोन चाळिशींत अखेर असा त्याच्या ओंठीं लागला! 'अ‍ॅटाव्हाक्रॉन' व 'सँड' ह्या १९८६ व १९८७ च्या ध्वनिमुद्रिकांत तो आपणांस ऐकावयास मिळतो. त्या वाद्याचा कारखाना पुढें बंद पडला, तें वाद्य महाग व दुर्मिळ झालें, आणि तो पुन्हां आपल्या गिटारीकडे वळला.

आतां त्याच्या चाहत्यांविषयीं. हा पंथ लहान, पण त्यांतील माणसें लहान नव्हत. फ्रँक झॅपा यांनीं त्याची मुक्तकंठानें स्तुति केली. आपल्या झाकिर हुसेन यांच्यासह 'शक्ति' हा संच चालविणारे जॉन मॅक्लॉफ्लिन म्हणत कीं, हा काय करतो तें कळतें तर आपण तें सारें चोरलें असतें. यांच्याखालीं हजारों अनाम विद्यार्थी. एकेक तान शंभर वेळां ऐकून ती कागदावर उतरवावी, कोठल्या रात्रीं कोठें काय वाजविलें याच्या नोंदी ठेवाव्या, नवख्याला हाताला धरून बसवून ऐकवावें, हा त्यांचा नित्यक्रम. कंपन्यांच्या विक्रीच्या वह्यांवरून संगीताचा इतिहास लिहिला असता तर ह्या नांवाला त्यांत एक ओळही मिळाली नसती. ती मिळाली ती ह्या लोकांमुळें. संतांचे अभंग छापखान्यापूर्वीं वारकऱ्यांच्या वह्यांतून व मुखांतून टिकले. त्या रक्षणाची जात हीच.

तथापि चाहत्यांचेंही एक देणें आहे, व तें लपविणें इतिहासाला शोभणार नाहीं. पुष्कळांनीं त्याच्या बोटांचा वेग मोजला व रचना ऐकल्याच नाहींत. आणि दुसरी गोष्ट आमच्या स्वतःवरच येते. वसतिगृहांतील ती कॅसेट उतरवून घेतलेली होती. आम्हीं तीवरून दुसरी उतरविली, दुसरीवरून आणखी तिघांनीं. रात्री रात्री जागून आम्हीं त्या वादकाला डोक्यावर घेतलें. परंतु आमच्या ह्या साऱ्या भक्तींतून त्याच्या घरीं एक पैसाही गेला नाहीं. त्या वेळीं तें आमच्या मनांतही आलें नाहीं. २०१७ च्या एप्रिलमध्यें ती मदतीची बातमी वाचली तेव्हां मात्र 'मी तुमचें देणें लागतों' हें नांव नेमकें कोणी कोणाला म्हणावयाचें होतें, असा प्रश्न आम्हांस पडला.

जे एक लाखाहून अधिक डॉलर जमले त्यांत आमच्यासारख्यांचीं ऋणें बरींच असावींत. गुणाची पारख झाली नाहीं, असें ह्या वादकाविषयीं म्हणतां येणार नाहीं; ज्यांनीं करावयाची त्यांनीं ती पुरेपूर केली. मात्र पारख करणारांनीं आपलें देणें त्याच्या हयातींत थोडें अधिक चुकविलें असतें, तर तो आणखी काय करून गेला असता, हें आतां कोणालाच सांगतां येणार नाहीं. आमच्या घरीं ती जुनी कॅसेट अजून आहे. तिच्याशेजारीं आतां रीतसर विकत घेतलेला तो बारा ध्वनिमुद्रिकांचा संच आहे; आणि घरीं येणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही प्रथम तो संचच ऐकवितों, वेगाच्या तानेपासून नव्हे, तर एखाद्या संथ स्वरसंघापासून.