कराची ते जुहू : अंतर मोजायचं कशानं?

माझा मूळ विषय तत्त्वज्ञान, त्यामुळे 'अंतर म्हणजे काय' हा प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. आज तो एका विमानमार्गावर घासून बघू.

कराची आणि मुंबई या विमानतळांमध्ये सरळ रेषा ओढली, तर ती साधारण ८८० किलोमीटर भरते. जेट विमानाला दीड तासाच्या आसपास लागावा. आता १९३२ सालात चला. लंडनची विमानटपाल १९२९ पासून कराचीपर्यंत येत होती. पुढे मुंबईला यायचं तर आगगाडी, नाहीतर बोट. १५ ऑक्टोबरला सकाळी साडेसहाच्या सुमारास जे. आर. डी. टाटा एकटेच कराचीच्या ड्रिग रोडवरून पुस मॉथ विमानात निघाले. एक इंजिन, रेडिओ नाही, आणि सोबत २५ किलोच्या आसपास टपाल. सरळ मुंबई गाठता येईना, कारण मध्ये तेल भरायला हवं. म्हणून वाट अहमदाबादवरून, म्हणजे हजार किलोमीटरच्या वर. अहमदाबादला पेट्रोलचे डबे आले ते बैलगाडीतून! मला या सगळ्या हकिगतीत विमानापेक्षा ती बैलगाडीच जास्त आवडते. दुपारी दोनच्या आत ते जुहूच्या मैदानावर उतरले. सव्वासात तास म्हणा. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. जुहूचं मैदान पावसाळ्यात चिखलात जाई, तेव्हा बिऱ्हाड पुण्याला हलवावं लागे.

पण एक गोष्ट आपण विसरतो. त्या दिवशी जे. आर. डीं.नी कुठलीच सरहद्द ओलांडली नव्हती. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता, वेगळा झाला तो १९३६ साली. कराचीतली एक जुनी शाळा तर आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी माणसाच्या नावानं ओळखली जाते. तेव्हा हे विमान एकाच प्रांताच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात आलं, इतकंच.

आज काय आहे? गेली काही वर्षं थेट विमान नाही. दुबईवरून जायचं म्हटलं तर तीन हजार किलोमीटरच्या वर हवाई अंतर पडतं, आणि थांबा धरून वेळ पुस मॉथएवढा किंवा जास्तच! व्हिसाची वाट पाहण्यात जाणारे महिने मी धरलेले नाहीत. ते धरायचे की नाही? भूगोलाचा माणूस नाही म्हणेल. मी धरीन.

आमच्या वाड्यात कराचीहून आलेल्या एक काकू होत्या. फाळणीनंतर बोटीनं मुंबईला उतरलेल्या. कराची किती लांब, असं आम्ही पोरं विचारायचो. त्या किलोमीटर कधी सांगत नसत. म्हणायच्या, "अरे, संध्याकाळी बोटीत बसलं की झालं."

१९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, जे. आर. डीं.नी तेच उड्डाण पुन्हा केलं, लेपर्ड मॉथमधून. कराचीहून निघून ते पुन्हा जुहूलाच उतरले. या वेळी मात्र मध्ये सरहद्द होती.