जुन्या पिकअपचा हँडब्रेक धरत नाही? आधी ड्रम बघा, मग वायर ताणा

मुरुड (ता. दापोली) : आपल्याकडे सपाट जागा म्हणजे एकतर पुळण, नाहीतर देवळासमोरचं अंगण. बाकी सगळा चढ-उतार. आसूदचा उतार असो, बागेत जाणारा जांभ्याचा कच्चा रस्ता असो की हर्णै बंदराकडची वाट, गाडी उभी करायची म्हणजे हँडब्रेक लागतोच. आणि गावातल्या दहा-बारा वर्षं जुन्या पिकअप बघा, निम्म्या गाड्या मागच्या चाकाला लावलेल्या दगडावर उभ्या असतात. आंब्याच्या पेट्या भरताना टन-सव्वा टन वजन वर चढतं. मागे माणसं पेट्या देत असतात, पोरं आजूबाजूला खेळत असतात. दगड सरकला तर कोण कुठे असेल ते सांगता येत नाही. म्हणून हा विषय सविस्तर देत आहोत.

कायदा काय सांगतो

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ९६ प्रमाणे गाडीला पायाचा ब्रेक आणि पार्किंग ब्रेक असे दोन स्वतंत्र ब्रेक पाहिजेत, आणि दोन्ही चालते पाहिजेत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२६ प्रमाणे ड्रायव्हर सीटवर नसताना गाडी आपोआप हलणार नाही अशी व्यवस्था करूनच ती रस्त्यावर सोडता येते. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी करावं लागतं, तिथेही ब्रेक तपासला जातो. म्हणजे फिटनेसच्या आदल्या दिवशी पळापळ करण्यापेक्षा आधीच काम केलेलं बरं.

हँडब्रेक चालतो कसा

बहुतेक पिकअपना मागच्या दोन चाकांत ड्रम असतो. आत दोन ब्रेक शू असतात. पाय दाबला की तेलाच्या दाबाने शू फाकतात आणि ड्रमला घासतात. हँडब्रेक तेच शू फाकवतो, पण तेलाने नाही, वायरने. दांडा वर ओढला की वायर ताणली जाते. गाडीखाली एक पट्टी असते, तिला मेकॅनिक इक्वलायझर म्हणतात. ती ताण दोन्ही चाकांना सारखा वाटते. ड्रमच्या आत छोटा लिव्हर असतो, तो शू बाहेर ढकलतो. दांड्याला खाली दाते असतात, म्हणून ओढताना ‘टक टक’ आवाज येतो आणि दांडा तिथेच अडकून राहतो. जुन्या जीपना मात्र हा ब्रेक चाकात नसून मागच्या शाफ्टवरच्या वेगळ्या ड्रमला असायचा. तिची जुळणी वेगळी, ती इथे दिलेली नाही.

लक्षणावरून दोष ओळखा

दांडा खूप वर येतो, तरी गाडी सरकते : शू झिजलेत, किंवा शूमधलं अंतर वाढलंय, किंवा वायर ढिली पडलीय.

दांडा कडक आहे, तरी गाडी सरकते : वायर आत गंजून जाम झालीय, किंवा शूवर तेल आलंय.

एकच चाक धरतं : गाडीखाली जाऊन इक्वलायझरची पट्टी बघा. ती तिरकी झाली असेल तर एका बाजूची वायर अडकलेली आहे.

दांडा वर राहत नाही, सुटतो : दाते झिजलेत किंवा बटणाची स्प्रिंग गेली. दांडा सुतळीने बांधून ठेवणारे आहेत. तसं करू नका, दांड्याचा सेट बदला.

दांडा खाली केला तरी चाक जखडलेलं : वायर ड्रमजवळ सोडून बघा. चाक मोकळं झालं तर दोष वायरचा, नाही झालं तर दोष ड्रमच्या आत.

दांडा खाली, पण मीटरमधला लाल दिवा पेटलेला : आधी ब्रेक ऑईलची पातळी बघा. बऱ्याच गाड्यांत तेल कमी झालं तरी हाच दिवा पेटतो. तेल बरोबर असेल तर दांड्याखालचा स्विच तपासा.

जुळणी कशी करायची

इथेच बहुतेकांची गडबड होते. ब्रेक ढिला वाटला की गाडीखाली जाऊन वायरचा नट आवळतात. चार दिवस बरं वाटतं. पण आत शू झिजलेलेच असतात, ताणलेल्या वायरमुळे ते ड्रमला घासत राहतात, ड्रम तापतो, डिझेल जास्त जातं, आणि महिन्याभरात पुन्हा तेच. क्रम असा ठेवा : आधी ड्रम, नंतर वायर.

१) गाडी रिकामी करून सपाट, कडक जमिनीवर घ्या. वाळूवर किंवा ओल्या मातीवर जॅक लावायचा नाही. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. मागच्या चाकांचे नट थोडे ढिले करून मगच गाडी उचला. मागचा अॅक्सल दोन स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक पूर्ण खाली.

२) वायरचा अॅडजस्टिंग नट ढिला करा. वायरवर ताण राहता कामा नये.

३) चाक आणि ड्रम काढा. आतली धूळ तोंडाने फुंकू नका, हवेनेही उडवू नका. जुन्या शूमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसा. ड्रम काढलेला असताना ब्रेकचं पेडल कुणी दाबू नये, सिलिंडरमधले पिस्टन बाहेर येतात.

४) शू बघा. लायनर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत आला असेल तर बदला, आणि दोन्ही चाकांचे एकदम बदला. शू तेलाने भिजला असेल तर पेट्रोलने धुऊन काम होत नाही. तेल कुठून येतं ते शोधा. व्हील सिलिंडरमधून असेल तर ब्रेक ऑईल, अॅक्सलच्या सीलमधून असेल तर गिअर ऑईल. गळती बंद करून मगच नवे शू घाला. आतला लिव्हर हाताने हलतो का बघा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत तो हमखास गंजतो.

५) शूच्या मधला दातेरी अॅडजस्टर साफ करा. ड्रम बसवा. चाक फिरवत फिरवत अॅडजस्टर घट्ट करा. चाक अडकलं की उलटा फिरवून चाक मोकळं करा. अगदी हलकी घासल्याची कुजबुज ऐकू आली तर चालेल. दोन्ही बाजू सारख्या करा. पेडल चार-पाच वेळा दाबून शू जागेवर बसू द्या, पुन्हा चाक फिरवून बघा.

६) आता वायर. दांडा साधारण ५ ते ८ ‘टक’ वर आला की दोन्ही चाकं हाताने फिरता कामा नयेत, आणि दांडा खाली केला की दोन्ही मोकळी फिरली पाहिजेत. तेवढाच नट आवळा आणि लॉक नट लावा. गाडीसोबतच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा. नटाचे आटे संपले तरी ताण येत नसेल तर वायर लांबलीय, ती बदला. तार उसवलेली दिसली तरी बदला. ग्रीस लावून ती सुधारत नाही.

७) चाकं बसवून, गाडी खाली घेऊन नट पुन्हा घट्ट करा. मग मोकळ्या हलक्या उतारावर, पुढे-मागे कुणी नसताना, हँडब्रेक ओढून पायाचा ब्रेक हळूच सोडा. पाय पेडलवर तयार ठेवा. गाडी जागची हलली नाही तर काम झालं. पहिल्या भरलेल्या खेपेनंतर ड्रमच्या जवळ हात नेऊन धग बघा, पण हात लावू नका. एक चाक दुसऱ्यापेक्षा फार तापलं असेल तर त्या बाजूचा शू घासतोय.

पेडल खोल जात असेल, ड्रमला तडा असेल किंवा सिलिंडर गळत असेल तर घरी प्रयोग नकोत, जाणत्या मेकॅनिककडे गाडी न्या.

समुद्रकाठची काळजी

हर्णैला मासळी भरायला जाणाऱ्या गाड्यांना वाळू आणि खारं पाणी दोन्ही लागतं. मासळीच्या बर्फाचं खारट पाणीही मागून गळत असतं. खेप संपली की मागची चाकं आणि गाडीखालच्या वायरी गोड्या पाण्याने धुवा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, आंबाही संपलेला असतो, त्या दिवसांत ड्रम उघडून घ्या. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर सपाट जागेवर पहिल्या गिअरमध्ये, चाकांना ठोकळे लावून ठेवा आणि हँडब्रेक सोडून ठेवा. ओढून ठेवला तर शू गंजाने ड्रमला चिकटतात.

उतारावर उभी करताना

हँडब्रेक चांगला असला तरी एकट्यावर भिस्त नको. पाय ब्रेकवर ठेवून हँडब्रेक ओढा, मग गाडीचं तोंड चढाला असेल तर पहिला गिअर, उताराला असेल तर रिव्हर्स टाका. स्टिअरिंग दरीकडे नाही, दरडीकडे वळवा, म्हणजे गाडी सुटलीच तर दरडीला टेकेल. वर ठोकळा लावा. तो लावायला आणि काढायला लहान पोराला पाठवू नका. निघताना ड्रायव्हर सीटवर बसून ब्रेक दाबेपर्यंत ठोकळ्याला कुणी हात लावायचा नाही, एवढा नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.