मत्स्यपेटीची दुसरी गाळणी

दिवाणखान्यांत काचेच्या पेटींत मासे पाळण्याचा छंद आतां शहरांतून चांगलाच रुळला आहे. पेटी जुनी होते, मासे वाढतात, त्यांत नव्यांची भर पडते, आणि एके दिवशीं पाणी गढूळ दिसूं लागतें. मग घरधनी दुसरी, अधिक मोठी गाळणी, म्हणजे बाजारांत जिला फिल्टर म्हणतात ती, विकत आणतो. जुनी मळकट गाळणी काढून टाकतो आणि नवी बसवितो. पाणी आरशासारखें नितळ होतें. परंतु आठवडा उलटतो न उलटतो तोंच मासे वर येऊन धापा टाकूं लागतात, आणि त्यांतले कांहीं मरतात. नितळ पाण्यांत मासे कां मरावे? या प्रश्नाचें उत्तर हातीं येण्यास चाळीस वर्षें लागलीं, आणि त्या इतिहासांत एका पितापुत्रांचा वांटा मोठा आहे.

लंडन येथील औषधविक्रेत्यांच्या जुन्या संघाच्या रसशाळेंत रॉबर्ट वॉरिंग्टन नांवाचे रसायनशास्त्रज्ञ काम करीत असत. १८४९ सालीं त्यांनीं बारा गॅलन पाणी मावेल अशा काचपात्रांत वाळू व खडे पसरले, व्हॅलिस्नेरिया नांवाची, फितीसारख्या लांब पानांची पाणवनस्पति लाविली आणि दोन लहान सोनेरी मासे सोडले. माशांनीं सोडलेला कर्बवायु वनस्पतीनें उजेडांत घ्यावा व तिनें दिलेल्या प्राणवायूवर माशांनीं जगावें, असा त्यांचा विचार होता. परंतु वनस्पतीचीं जुनीं पानें कुजूं लागलीं, काचेवर हिरवट बुळबुळीत थर चढला आणि पाणी गढुळलें. तेव्हां त्यांनीं तळ्यांतील गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनीं कुजका पाला व तो थर फस्त केला, त्यांचीं अंडीं माशांच्या उपयोगीं पडलीं, आणि पाणी पुन्हा निवळलें. पुढील वर्षीं वॉरिंग्टन यांनीं हा वृत्तान्त प्रसिद्ध केला. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें, १८५४ सालीं फिलिप हेन्री गॉस यांचा ‘द अ‍ॅक्वेरियम’ हा ग्रंथ निघाला, आणि हें वेड घरोघर पसरलें.

वॉरिंग्टन यांनीं साधलेला समतोल दोन माशांपुरता खरा होता. माशांची दाटी झाली कीं तो ढासळे. याचें कारण असें कीं, प्राणवायूचा हिशेब जुळला तरी दुसरा एक हिशेब उरतोच. माशांच्या कल्ल्यांवाटें अमोनिया सतत बाहेर पडतो, आणि उरलेलें अन्न कुजून त्यांत भर घालतें. हें विष डोळ्यांना दिसत नाहीं. पाणी कितीही निर्मळ दिसलें तरी त्यांत तें असूं शकतें.

विल्यम अल्फर्ड लॉइड यांनीं वेगळी वाट धरली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें १८७१ सालीं उघडलेल्या मत्स्यालयांत त्यांनीं प्रेक्षणीय हौदांहून कितीतरी मोठें टाकें जमिनीखालीं अंधारांत ठेविलें, आणि पंपांच्या साह्यानें तेंच समुद्रजल रात्रंदिवस खेळतें राखलें. पाण्याच्या विपुलतेचा व वाहतेपणाचा गुण स्पष्ट दिसला. पण तो कशामुळें येतो, याचा पुरता उलगडा तेव्हां झालेला नव्हता.

तो उलगडा मत्स्यालयांत झाला नाहीं, तर सांडपाण्यांत झाला. १८७७ सालीं फ्रान्समध्यें तेओफिल श्लोसिंग व आशिल म्युंत्स या दोघां शास्त्रज्ञांनीं काचेच्या लांब नळींत वाळू व चुनखडी भरून तींतून सांडपाणी हळूहळू पाझरूं दिलें. सुमारें वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा खालीं उतरला. नंतर मात्र तो नाहींसा होऊन त्याच्या जागीं नायट्रेट येऊं लागलें. वाळू तीच, पाणी तेंच. मग वीस दिवसांचा विलंब कां? त्यांनीं नळींत क्लोरोफॉर्म सोडलें, तों क्रिया थांबली. पुढें क्लोरोफॉर्म काढून थोडें मातीचें धोवण घातलें, तों ती पुन्हा सुरू झाली. याचा अर्थ उघड होता. काम वाळू करीत नव्हती. वाळूवर वस्ती करून राहिलेले सूक्ष्म जंतु तें करीत होते, आणि ती वस्ती जमण्यास वीस दिवस लागले होते.

हें संशोधन पुढें नेणाऱ्यांत इंग्लंडमधील रॉथम्स्टेड येथील शेतकी प्रयोगशाळेचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांचेंही नांव रॉबर्ट वॉरिंग्टन. सोनेरी मासे पाळणाऱ्या वॉरिंग्टन यांचे ते चिरंजीव. वडिलांनीं काचपात्र मांडलें तेव्हां त्यांचें वय दहा-अकरा वर्षांचें होतें. त्यांचें लक्ष माशांकडे नव्हतें, पिकांना नायट्रेट पुरविणाऱ्या मातीकडे होतें. हें काम दोन पायऱ्यांनीं होतें, असें त्यांनीं दाखविलें: एका प्रकारचे जंतु अमोनियाचें नायट्राइट करितात, आणि दुसरे त्या नायट्राइटचें नायट्रेट. हे जंतु निराळे काढून वाढविण्याचें यश मात्र १८९० सालीं झुरिक येथें सर्गेई विनोग्राड्स्की यांना लाभलें. वडील १८६७ सालींच वारले होते. त्यांच्या पेटींतील कोडें मुलाच्या पिढीनें असें शेतांत सोडविलें.

या शोधानें गाळणीचा अर्थच पालटला. ती केवळ केरकचरा अडविणारी चाळण नव्हे. ती जंतूंची वस्ती आहे. जुन्या गाळणींतील तपकिरी चिकट थर म्हणजेच ती वस्ती, आणि नवी कोरी गाळणी म्हणजे रिकामें घर. जुनी काढून नवी बसविणें म्हणजे श्लोसिंग व म्युंत्स यांची नळी पुन्हा पहिल्या दिवसावर नेऊन ठेवणें होय. मधल्या काळांत अमोनिया सांचतो, पुढें नायट्राइट सांचतें, आणि दोन्हीही माशांना घातक असतात.

म्हणून दुसरी गाळणी पहिलीच्या जागीं नव्हे, तर तिच्या जोडीला बसवावी. महिना-दीड महिना दोन्ही सोबत चालल्या कीं नवींतही वस्ती जमते. जुनींतील स्पंजाचा तुकडा किंवा मूठभर खडे नवींत ठेविले, तर हें काम लवकर होतें. मातीच्या धोवणानें नळींत हेंच केलें होतें. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन जंतूंना मारतें, म्हणून गाळणी पेटींतून काढलेल्या पाण्यांतच खळबळून धुवावी, आणि दोन्ही एकाच दिवशीं धुवूं नयेत.

दोन गाळण्या झाल्या म्हणजे मासे दुप्पट ठेवावे, असा मात्र अर्थ नाहीं. जंतु वाढतात ते अमोनियाच्या पुरवठ्यापुरते. घरें दोन झालीं तरी अन्न तेवढेंच असल्यानें वस्ती दोहोंत वांटली जाते. दुसरीचा खरा लाभ असा कीं, एक बंद पडली किंवा धुतली, तरी दुसरींतील वस्ती शाबूत राहते. शिवाय शेवटीं उरणारें नायट्रेट गाळणी सहसा काढीत नाहीं. त्याकरितां ठराविक दिवसांनीं थोडें पाणी बदलणें चुकत नाहीं.

या वस्तीची ओळख अजूनही पुरी झालेली नाहीं. गोड्या पाण्याच्या मत्स्यपेटींत दुसरी पायरी नायट्रोस्पायरा जातीचे जंतु पार पाडतात, असें १९९८ सालीं आढळलें; आणि त्याच जातींतील कांहीं जंतु दोन्ही पायऱ्या एकटेच चढतात, हें २०१५ सालीं उघडकीस आलें. माशांचें जीवित ज्यांच्यावर अवलंबून आहे ते हे सेवक दिसत नाहींत, मागत नाहींत; त्यांना हवें असतें तें वाहतें पाणी, हवा आणि जमून राहण्यापुरता अवधि. दुसरी गाळणी आणणारानें तेवढा अवधि द्यावा, म्हणजे पेटींतले मासे सुखरूप राहतात.