१. ‘वणी जिल्ह्यातली गावे’

लेखकाने म्हटलेला ‘वणी जिल्हा’ म्हणजे आजचा यवतमाळ. इंग्रजी अमदानीत जिल्ह्याला नाव वणीचे होते, कचेरी मात्र यवतमाळला. १९०५ साली वऱ्हाडाची फेररचना झाली तेव्हा हे नाव बदलले आणि वाशीम जिल्ह्यातला पुसद तालुका इकडे जोडला गेला. असला घोळ इथे नवा नाही. केळापूर तालुक्याचे ठाणे आजही पांढरकवड्याला आहे.

पुढे आलेली ‘छोटी गाडी’ म्हणजे शकुंतला. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करीत यवतमाळला येणारा हा अरुंद मार्ग किलिक निक्सन कंपनीने वऱ्हाडचा कापूस हलवण्यासाठी टाकला. वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत टिकले. आता गाडी बंद आहे, आणि दारव्ह्याचे स्टेशन पाहायला मुद्दाम जाणारे आम्हा वेड्यांपैकीच.

वणीचा उल्लेख लेखक कोळशापुरता करतात, हे अन्यायाचे वाटते. बापूजी अणे यांचा जन्म १८८० साली इथलाच. १९३० मध्ये त्यांनी पुसदजवळ राखीव रानातले गवत कापून जंगल सत्याग्रह केला. त्याच पुसदच्या अंगणातल्या गहुलीचे वसंतराव नाईक पुढे १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते.

कळंबचे चिंतामणीचे देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावे लागते. मूळ आवृत्तीतले ‘टेकडीवरचे’ हे विशेषण म्हणून गाळले आहे. टिपेश्वरचे अभयारण्य पांढरकवड्याहून जवळ पडते.