डोहाळ्यांची दोन औषधे

‘डोहाळे कडक लागले हो!’ एवढे म्हणून आपल्या घरांतून गरोदर सुनेच्या ओकाऱ्यांचा प्रश्न निकालात निघतो. लिंबाची फोड, आल्याचा तुकडा, उठल्याउठल्या मूठभर कोरड्या लाह्या, यांवर पुष्कळींचे निभावतेही. ज्यांचे निभावत नाही, त्यांचे काय? इंग्रज कादंबरीकर्त्री शार्लट ब्राँटी ३१ मार्च १८५५ रोजी वारली. सरकारी नोंदीत क्षय लिहिला आहे. पण लग्नाला वर्षही झाले नव्हते, तिला दिवस गेले होते आणि पोटात अन्न ठरत नव्हते. तेव्हा गर्भारपणातील अनावर ओकारीनेच ती गेली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात व आम्हांलाही तेच संभवनीय वाटते.

पुढे शंभर वर्षांनी या दुखण्यावर गोळ्या आल्या. त्यांतील दोन गोळ्यांचीच कथा येथे सांगावयाची आहे.

पहिली थॅलिडोमाइड. १ ऑक्टोबर १९५७ रोजी ग्रुनेंथाल कंपनीने ती पश्चिम जर्मनीत झोपेचे औषध म्हणून बाजारात आणली. भरमसाट मात्रा देऊनही उंदीर मरत नाहीत, तेव्हा औषध निर्धोक, असा निवाडा झाला. गर्भावर काय परिणाम होतो, हे मात्र नीट तपासलेच नव्हते. तरीही अनेक देशांत ती गरोदर स्त्रियांना मळमळीवर देण्यात आली. गर्भधारणेनंतरच्या साधारण विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसांत हे औषध पोटात गेले, तर गर्भाचे हातपाय खुंटतात. मळमळ सुरू होते तीही बहुधा याच सुमारास! दहा हजारांवर मुले अशी जन्मली, असा अंदाज आहे. जर्मनीत विदुकिंड लेन्ट्‌स यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये धोक्याची घंटा वाजवली. सिडनीचे प्रसूतितज्ज्ञ विल्यम मॅकब्राइड यांचे पत्र डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. अमेरिकेत मेरेल कंपनीने विक्रीची परवानगी मागितली होती. फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईंनी पुरावा अपुरा म्हणून ती शेवटपर्यंत दिली नाही.

दुसरी गोळी याच मेरेलची, १९५६ पासून अमेरिकेत खपणारी बेंडेक्टिन. हिचे मुख्य घटक दोन : डॉक्सिलमिन आणि ब-६ जीवनसत्त्व. लक्षावधी स्त्रियांना तिने आराम दिला. पण थॅलिडोमाइडने पोळलेले लोक ताकही फुंकून पिऊ लागले होते. व्यंग असलेली मुले, कोणतेही औषध न घेता, नेहमीच काही जन्मतात. ज्या मातांनी बेंडेक्टिन घेतली होती त्यांना दोषी सापडला. दाव्यांवर दावे पडले. ते बहुतेक अखेर कंपनीच्या बाजूने लागले, तरी खर्चाला कंटाळून १९८३ साली तिने उत्पादन थांबवले. त्यानंतर व्यंगांचे प्रमाण घटले नाही. ओकाऱ्यांपायी रुग्णालयात दाखल होणाऱ्या स्त्रिया मात्र वाढल्या.

दावेदारांतर्फे साक्ष देणाऱ्यांत होते तेच मॅकब्राइड! त्यांनी १९८२ साली सशांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. बेंडेक्टिनमध्ये पूर्वी असलेल्या एका घटकासारखेच औषध त्यांत दिले होते. त्यांतील आकडे त्यांनी बदलले आहेत, हे त्यांच्याच कनिष्ठ सहकाऱ्यांच्या ध्यानात आले. चौकशीत लबाडी सिद्ध झाली आणि १९९३ साली त्यांचे नाव वैद्यकांच्या यादीतून काढले गेले. ते १९९८ मध्ये परत घातले. एकदा जग वाचवल्याची कीर्ती मिळाली की माणसाला दुसऱ्यांदा वाचवण्याची घाई होते, असे आम्हांला वाटते.

कॅनडात मधल्या काळातही तीच जोडगोळी निर्वेध मिळत होती. अमेरिकेत ती एप्रिल २०१३ मध्ये, तीस वर्षांनी, नव्या नावाने परतली. या दुखण्याचे मूळही आता हाती लागत आहे : वारेतून रक्तात उतरणारे ‘जीडीएफ-१५’ नावाचे द्रव्य मेंदूला मळमळीची आज्ञा देते, गर्भारपणापूर्वी ज्यांच्या रक्तात ते कमी असते त्यांना ते अधिक बाधते, असे डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. तेव्हा पाणीही ठरेनासे झाले, लघवी कमी झाली, वजन उतरू लागले, की त्या बाईला लाह्यांवर ठेवू नये. दवाखान्यात नेऊन सलाईन लावावे आणि गोळी डॉक्टरांनाच ठरवू द्यावी.