समाजमाध्यमाची निवड (मुंबई उपनगरांतील व्यवसायांसाठी)

मालाची किंवा सेवेची जाहिरात व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, लिंक्डइन यांपैकी कोठे करावी, हे ठरविणे. मुंबई उपनगरांत ही निवड बहुतांशी एकाच प्रश्नावर ठरते : गिऱ्हाईक किती लांबून येणार? मुलुंड व घाटकोपर मध्य रेल्वेवर, अंधेरी व बोरिवली पश्चिम रेल्वेवर. जून २०१४ मध्ये वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून दोन्ही मार्ग उपनगरांत थेट जोडले गेले. तरी ब्लाउज शिवायला मुलुंडहून बोरिवलीला कोणी जात नाही. पुष्कळदा फाटकापलीकडची पूर्व-पश्चिमसुद्धा लांब वाटते. म्हणून दहा हजार अनोळखी फॉलोअरपेक्षा आसपासच्या सोसायट्यांतील शंभर घरे शिंप्याच्या जास्त उपयोगाची.

स्थानकाबाहेर वाटलेली पत्रके, वर्तमानपत्रात घातलेले हँडबिल आणि केबलवर सरकणारी पट्टी ही उपनगरी जाहिरातीची जुनी साधने. २०१६ मध्ये जिओ आल्यावर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि २०१८ च्या जानेवारीत व्हॉट्सॲप बिझनेस हे स्वतंत्र ॲप निघाले. घरगुती व्यवसायांना ते सर्वांत मानवले. दिवाळीच्या फराळाचे उदाहरण घ्यावे. भाजणीची चकली, अनारसे, करंजी यांचे अर्धा किलोचे भाव आणि ‘ऑर्डर वसुबारसेच्या आधी’ एवढा मजकूर पुरतो. फोटो स्टेटसला लागतो, पैसे यूपीआयने येतात, डबा वॉचमनकडे ठेवला जातो. अडचण सोसायटीच्या ग्रुपमध्ये येते. तेथे रोज जाहिरात टाकली की सेक्रेटरीची ताकीद ठरलेली. ब्रॉडकास्ट यादी हा सभ्य मार्ग, पण एका यादीत २५६ क्रमांक बसतात आणि ज्याने आपला क्रमांक जतन केला आहे त्यालाच संदेश पोहोचतो. म्हणून डब्यावरच्या चिठ्ठीत ‘नंबर सेव्ह करा’ असे लिहिण्यात शहाणपण आहे.

डोळ्यांना भावणारा माल, म्हणजे साड्या, केक, मेंदी, इमिटेशन दागिने, इन्स्टाग्रामवर खपतो. घाटकोपरच्या खाऊगल्लीतील डोशांचे व्हिडिओ परगावच्यांनाही तेथे ओढून आणतात. मात्र नागपूरहून आलेल्या लाइकवर मुलुंडचा केक विकला जात नाही. पैसे भरून जाहिरात करताना दुकानाभोवतीच्या ठराविक अंतरापुरतीच ती दाखवावी. अंधेरी पश्चिमेच्या आरामनगरात कास्टिंगवाल्यांच्या दारी फिरणारे कलाकार, मेकअपवाले व छायाचित्रकार यांचे इन्स्टाग्राम खाते हाच त्यांचा अल्बम असतो. त्याच अंधेरीत सीप्झ या निर्यात क्षेत्रातील व एमआयडीसीच्या औद्योगिक वसाहतीतील निर्यातदार किंवा सॉफ्टवेअर कंपनीला लिंक्डइन हवे, कारण खरेदीचा निर्णय घेणारा माणूस तेथे भेटतो.

चाळिशीपुढचे ग्राहक, सहली, योगवर्ग, नाटकाचे प्रयोग यांसाठी फेसबुकचे स्थानिक गट अजून उपयोगी आहेत. शिकवणीवर्गाला यूट्यूब बरे; शिकविण्याची हातोटी पालकांना आधी पाहता येते. प्लंबर किंवा एसी दुरुस्तीवाल्याने मात्र आधी गूगल नकाशावरील नोंद पक्की करावी. ते समाजमाध्यम नव्हे, पण नळ फुटल्यावर माणूस रील पाहत बसत नाही.

भाषाही वस्तीप्रमाणे बदलते. मुलुंड पूर्वेला मराठी मजकूर घरचा वाटतो, घाटकोपरच्या व्यापारी वस्तीत गुजराती. सगळीकडे तोच इंग्रजी मजकूर डकवणे हा आळस होय.

एकाच माध्यमावर सर्व भिस्त ठेवण्यात धोका असतो. ऑर्कुट हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली आणि तेथे जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला. ग्राहकांचे क्रमांक म्हणूनच स्वतःच्या वहीत असावेत. समाजमाध्यमावरचे पान जाहिरात एजन्सीने उघडले असेल, तर त्याचा ताबा मालकाच्या नावावर आहे ना, हेही पाहून घ्यावे; एजन्सीशी बिनसल्यावर कुलूप तिच्याकडे राहते.

माध्यम कोणतेही निवडले तरी नियम सुटत नाहीत. घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही अन्न सुरक्षा व मानक प्राधिकरणाची (एफएसएसएआय) नोंदणी लागते. पैसे किंवा भेटवस्तू घेऊन केलेली शिफारस जाहिरात म्हणून स्पष्ट दाखवावी, असे मुंबईस्थित जाहिरात मानक परिषदेचे (एएससीआय) २०२१ चे मार्गदर्शक नियम सांगतात. गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा (महारेरा) नोंदणी क्रमांक आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही द्यावा लागतो; समाजमाध्यमांवरील जाहिरात त्याला अपवाद नाही.